टूल टच करताना

भोसरी असो, चाकण असो की कोल्हापूरजवळची शिरोली, सीएनसी लेथवर नवं टूल लावणारा सेटर आधी फडकं हातात घेतो. होल्डरमधली इन्सर्टची बैठक पुसून घेतो, कारण तिथे चिपचा कण राहिला तर टोक जागेवर बसत नाही. टरेट, म्हणजे टूल धरणारा फिरता भाग, कुठे आहे हे मशीनला ठाऊक असतं. टरेटला लावलेल्या टूलचं टोक किती बाहेर आलंय, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं. त्या सांगण्यालाच शॉपमध्ये ऑफसेट म्हणतात.

लेथवरची रीत ऐकायला सोपी. जॉबच्या तोंडावर हलका फेस कट घ्यायचा, झेड न हलवता टूल बाहेर काढायचं आणि ऑफसेटच्या पानावर झेड शून्य टाकायचा. मग बाहेरच्या व्यासावर कट, आता एक्स न हलवता मागे यायचं. स्पिंडल थांबवून मायक्रोमीटर लावायचा. 49.86 आलं तर एक्स 49.86. सगळी भिस्त त्या ‘न हलवता’वर. आणि जॉब गार होऊ द्यायचा: 100 मिलिमीटर व्यासाचं स्टील 10 अंशांनी तापलं तर सुमारे 11 मायक्रॉन फुगतं. टॉलरन्सच 20 मायक्रॉनचा असेल, तर निम्म्याहून अधिक तिथेच गेला.

व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरवर, टूलची लांबी द्यावी लागते. स्वस्त उपाय कागदाचा. स्पिंडल बंद ठेवून टूल आणि जॉब यांच्यामध्ये कागद सरकवत राहायचं आणि हँडव्हील एकेका खाचेने फिरवायचं. कागद अडकायला लागला की थांबायचं, त्याची जाडी, साधारण 0.1 मिलिमीटर, हिशोबात धरायची. पण ‘अडकला’ कधी म्हणायचं, हे प्रत्येकाची बोटं वेगळं सांगतात. बारीक कामाला मी कागदावर कधीच विसंबणार नाही.

शिकाऊ असताना मी वेअरमध्ये, म्हणजे झिजेच्या ऑफसेटमध्ये, उणे 0.03 ऐवजी उणे 0.3 टाकलं होतं. टूल शाबूत राहिलं, जॉब भंगारात गेला. आमचे सेटरमामा रागावले नाहीत. “टाकलेला आकडा मोठ्याने वाच, मग सायकल स्टार्ट,” एवढंच म्हणाले. अजून वाचतो.

नवे सेटर हमखास विसरतात ती टोकाची त्रिज्या. 0.8 मिलिमीटरची त्रिज्या आणि टोकाची दिशा पानावर भरली नाही, तरी सरळ व्यास बरोबर येतो, म्हणून चूक लपते. टेपर आणि गोलाई मात्र बिघडते.

मोठ्या शॉपमध्ये टूल मोजायचं काम आता प्रोब करतो. त्याचं मूळ कॉन्कॉर्ड विमानात आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला या विमानाच्या ऑलिंपस इंजिनाचे बारीक पाइप मोजताना अडचण येत होती, तेव्हा रोल्स-रॉइसमधले डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी स्पर्शाने सिग्नल देणारा प्रोब घडवला. त्याच प्रोबसाठी 1973 मध्ये रेनिशॉ कंपनी उभी राहिली. प्रोबच्या आत स्प्रिंगने दाबलेल्या तीन दांड्या सहा बिंदूंवर टेकलेल्या असतात. टोकाला किंचित धक्का लागला की विजेचा मार्ग तुटतो, धक्का सरला की दांड्या पुन्हा नेमक्या त्याच जागी बसतात. हे परत बसणं मला या शोधातलं सर्वांत सुंदर वाटतं.

पण प्रोबलाही आधी माहीत असलेल्या मापाच्या टूलने कॅलिब्रेट करावं लागतं. आणि जेवणाच्या सुट्टीत स्पिंडल गार झालेला असतो, मापं थोडी सरकतात, म्हणून सुट्टीनंतरचा पहिला पीस सेटर ट्रेमध्ये टाकत नाही. तो मायक्रोमीटरखाली जातो.