असे का, असे कसे? : फिरत्या रेल्वेपुलाचे तंत्र
कमी उंचीवरून कालवा ओलांडणाऱ्या रेल्वेपुलाखालून उंच डोलकाठीचे जहाज जाऊ शकत नाही, म्हणून पुलाचा एक भाग आडवा फिरवून वाट मोकळी करण्याची युक्ती योजली जाते. इंग्लंडमध्ये १८७९ साली खुल्या झालेल्या, सेव्हर्न नदी आणि तिच्या काठचा कालवा ओलांडणाऱ्या सेव्हर्न रेल्वेपुलाचा कालव्यावरील गाळा गोल दगडी बुरुजावर तोललेला होता आणि जात्याचा वरचा दगड मधल्या आसाभोवती फिरावा तसा तो वाफेच्या इंजिनाने फिरत असे. गाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भुजांचे वजन समतोल असल्याने इंजिनाला तो उचलावा न लागता मुख्यतः घर्षणावर मात करावी लागे. २५ ऑक्टोबर १९६० रोजी धुक्यात दोन तेलवाहू बार्ज नदीतील खांबावर आदळून दोन गाळे कोसळले, पाच खलाशी मृत्युमुखी पडले आणि दुरुस्तीऐवजी पूल अखेर पाडण्यात आला. उरलेला बुरूज या तंत्राचा मोलाचा पुरावा असून त्याचे जतन व्हायलाच हवे.