बर्लिनच्या दारांतली खोकी

बर्लिन : जर्मनीतील शहरांत, विशेषतः बर्लिनमध्ये, इमारतींच्या दारांशी पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली दिसतात; त्यांत पुस्तके, कपबश्या, मुलांचे बूट असतात आणि वर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, 'त्सू फरशेन्केन', म्हणजे 'देऊन टाकायचे आहे'. ज्याला जे उपयोगी पडेल ते त्याने न्यावे. विचारण्याची किंवा आभार मानण्याची गरज नाही, असा तेथील अलिखित संकेत आहे.

या संकेतामागे भाड्याच्या घरांचे जीवन आहे. बर्लिनमधील बहुसंख्य कुटुंबे भाड्याने राहतात, घर सोडताना खोल्या रिकाम्या करून द्याव्या लागतात, आणि अनेक घरांत ओटा-कपाटेही भाडेकरूनेच आणलेली असल्यामुळे त्यांचाही निकाल त्यालाच लावावा लागतो. पलंग, सोफा अशा अवजड टाकाऊ सामानाला 'श्पेरम्युल' म्हणतात. ते नगरसंस्थेच्या केंद्रावर स्वतः नेऊन दिले तर पैसे पडत नाहीत, घरून उचलून न्यायचे तर मोजावे लागतात. वस्तू रस्त्यावर सोडून देणे मात्र दंडास पात्र ठरू शकते, म्हणून खोक्यांची ही रीत लोकमान्य असली तरी नियमांच्या काठावरच चालते. तिला संस्थांची जोडही मिळाली आहे. हॅम्बुर्गमध्ये १९९९ साली 'उम्झॉन्स्टलाडेन', म्हणजे जिथे वस्तू फुकट मिळतात असे दुकान निघाले, आणि बर्लिनच्या स्वच्छता संस्थेने २०२० मध्ये जुन्या वस्तूंचे मोठे विक्रीकेंद्र उघडले.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला या व्यवस्थेतील विपुलतेपेक्षा तिच्यातील निनावीपणा अधिक विचार करायला लावील. महाराष्ट्रात जुने कपडे बोहारणीला देऊन त्यांच्या बदल्यात भांडे घेतले जाते, आणि तो रोखठोक सौदा असतो. पण घरकाम करणाऱ्या बाईला दिलेली जुनी साडी बहुधा उपकार म्हणून दिली जाते, आणि घेणारीला तो उपकार वागवावा लागतो. खोक्यापाशी देणारा दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. हा गुण मोलाचा आहे.

तरीही सेवाग्रामचा प्रश्न याहून आधीचा आहे. गांधींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडे साठा न करण्याच्या व्रताचा विचार मांडला होता : श्रीमंताच्या घरी नको असलेल्या वस्तू पडून राहतात, खराब होतात, आणि त्याच वेळी इतरांना त्यांच्यावाचून राहावे लागते. १९३६ मध्ये ते तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. माती, बांबू अशा स्थानिक सामानातून उभी राहिलेली तेथील बापूकुटी पाहताना कळते की हे व्रत वस्तू घरात येण्यापूर्वीच तिला अडवते, तर बर्लिनचे खोके ती घरात येऊन, वापरून, कंटाळा आल्यानंतरची सोय पाहते.

दोन्हींचा मेळ वर्ध्यात बसू शकतो, आणि त्यासाठी दिवाळीच्या आवराआवरीची वाट पाहण्याचे कारण नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात; त्याआधी प्रत्येक वाचनालयाच्या व्हरांड्यात एक फळी मोकळी ठेवता येईल, जिच्यावर पुढच्या वर्गात गेलेल्या मुलांची दप्तरे, कंपासपेट्या आणि कोऱ्या पानांच्या वह्या ठेवाव्यात, आणि शेजारी नोंदवही मात्र ठेवू नये.