सहाशे घरं आणि एक अख्खा जिल्हा

पुणे जिल्ह्याच्या गावागावांतली मुलं वाचायला शिकली की नाही, हे कळायला किती घरांची कडी वाजवावी लागेल? २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. 'प्रथम' संस्थेने २००५ साली सुरू केलेली 'असर' ही पाहणी जिल्ह्यामागे ३० गावं घेते आणि प्रत्येक गावात २० घरं. म्हणजे फक्त सहाशे घरं!

आणि तरीही ती पाहणी खरी ठरते. कारण सगळी कळ निवडीत आहे. कुठलं गाव घ्यायचं हे कुणाच्या मर्जीवर नसतं. जनगणनेच्या यादीतून, मोठ्या गावाला जास्त संधी मिळेल अशा रीतीने चिठ्ठी निघते. गावात गेल्यावर कार्यकर्ते नकाशा काढतात, त्याचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागात डाव्या हाताच्या बाजूने चालत दर पाचवं घर घेतात. सरपंचांनी 'या, आमचा हुशार मुलगा बघा' म्हटलं तरी उपयोग नाही. नीट निवडलेली सहाशे माणसं असली, तर टक्केवारीतली चूक शंभरातल्या ९५ वेळा चारेक टक्क्यांच्या आत राहते, मग मागची लोकसंख्या एक लाख असो की एक कोटी. यावर मन सहज विश्वास ठेवत नाही, पण गणित पक्कं आहे. घरं गावागावांतून वीस-वीसच्या घोळक्याने येत असल्यामुळे ही चूक थोडी वाढते. म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर 'असर' एकेका इयत्तेचा आकडा न देता तिसरी ते पाचवी एकत्र धरते.

या विद्येला आपल्या मातीतला पूर्वज आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. चिठ्ठीने निवडलेलं गाव, त्यातलं चिठ्ठीने निवडलेलं शेत, त्या शेतातला मोजून आखलेला तुकडा, आणि त्याच्या कापणीवरून जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज: पीक कापणी प्रयोगांची ही शास्त्रशुद्ध बैठक देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शेताच्या जागी घर आणि कणसाच्या जागी मूल ठेवलं की 'असर' दिसायला लागते.

घरात काय होतं? मुलापुढे एक कागद ठेवतात. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद. तो सरळ वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळलं तर शब्द, तेही जड गेले तर सुटी अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायचं. मूल जिथवर आरामात पोचतं, ती त्याची पातळी. एवढ्याशा कागदातून देश दिसतो: सरकारी शाळेतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचणारी २०१८ मध्ये २०.९ होती, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३, आणि २०२४ मध्ये २३.४. शाळा बंद पडण्याची किंमत आणि त्यानंतर शिक्षकांनी भरून काढलेली खोट, दोन्ही त्यात आहेत.

'असर' घरी जाते, तर केंद्र सरकारची 'परख' पाहणी शाळेत होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी ७८१ जिल्ह्यांत तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून जास्त मुलांनी ती दिली, तरी त्यातल्या एकाही मुलाची गुणपत्रिका निघत नाही. निकाल लागतो तो जिल्ह्याचा. जोडीला मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक यांना प्रश्नावली असते. याआधीच्या, २०२१ सालच्या पाहणीत ४८ टक्के मुलं शाळेत पायी येतात असं दिसलं होतं. घरी कोणती भाषा बोलता, वर्गात बाई काय सांगतात ते कळतं का, अशा प्रश्नांशिवाय गुण मुके राहतात.

आता पुणे जिल्ह्यातल्या निघोजेकडे येऊ. खेड तालुक्यातलं हे गाव, चाकण एमआयडीसीच्या चौथ्या टप्प्याने वेढलेलं; महिंद्राचा वाहन कारखाना याच हद्दीत. कामाबरोबर कुटुंबं येतात, भाड्याच्या खोल्या भरतात, कंत्राट संपलं की रिकाम्या होतात. अशा गावात सगळ्या आकडेवारीची परीक्षा होते. 'असर'ची गावं २०११च्या यादीवरून निघतात, आणि एमआयडीसीच्या पट्ट्यातलं २०११चं गाव आज त्याच आकाराचं राहिलेलं नाही.

शाळेच्या आत तर याहून अवघड आहे. राज्यात २०२३-२४ पासून वर्षात तीन चाचण्या होतात: सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, शेवटी संकलित दोन. समजा, एका वर्गात २० मुलं आहेत आणि पायाभूतची सरासरी ५०. वर्षभरात पाच मुलं गाव सोडून गेली. उरलेली १५ सरासरी ५० वरून ६० वर आली. मधेच पाच नवी मुलं दाखल झाली, मराठी नुकतीच कानावर पडू लागलेली, सरासरी २०. करा बेरीज: नऊशे आणि शंभर, भागिले वीस. सरासरी पुन्हा ५०! बाईंनी १५ मुलांना दहा-दहा गुणांनी वर नेलं आणि तक्त्यात मात्र 'प्रगती शून्य'. हा त्या बाईंवर अन्याय आहे, आणि आकडा एका आकड्यानेही खोटा नाही.

उपाय हाताशी आहे. यू-डायस या सरकारच्या शाळा-नोंदणीत शाळेला ११ अंकी क्रमांक असतो (पुणे जिल्ह्याचे २७२५ ने सुरू होतात), तसा मुलालाही कायमचा 'पेन' क्रमांक मिळतो, जो शाळा आणि राज्य बदललं तरी बदलत नाही. म्हणजे वर्गाची सरासरी सोडून त्याच मुलाचा प्रवास पाहता येतो: आलं तेव्हा कुठे होतं, आज कुठे आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर पुढच्या बैठकीत 'शाळेची सरासरी किती' हा प्रश्न पुरे मानू नका. पायाभूत आणि संकलित दोन, या दोन्ही चाचण्या दिलेली मुलं किती आणि ती किती पुढे गेली, हे विचारा. आणि मधेच आलेल्या मुलांचा हिशेब वेगळा मागा.