बंदुकीच्या दस्त्याला तेल किती? दोन थेंब!

आज कोड नाही, आज लाकूड. आणि थोडी बंदूक.

गणपतीला वर्क फ्रॉम होम घेऊन रत्नागिरीकडे गावी होतो. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर आहे. परवाना त्यांचा, म्हणून ती रिकामी असल्याचं त्यांनीच बघितलं, नळी काढून कपाटात ठेवली आणि फक्त अक्रोडाचा दस्ता माझ्या हातात दिला. लाकूड कोरडं दिसत होतं. मी जवसाच्या तेलाचा जाड हात मारला. आठवडा झाला तरी चिकट! वर मांजराचे केस.

चूक काय झाली? हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट थर बनतो. जाड थरावर साय धरते, आतलं कच्चंच राहतं. म्हणून दोन थेंब घ्यायचे, तळहात गरम होईपर्यंत चोळायचे, उरलेलं पुसायचं. पहिला हात पूर्ण वाळला की दुसरा. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ लवकर वाळतं, कारण त्यात वाळवणारे धातूंचे क्षार असतात. दमट हवेत तेही रेंगाळतं.

आता हे नीट ऐका. ऑक्सिजन घेताना उष्णता निघते. चुरगळून टाकलेलं तेलाचं फडकं आपोआप पेटू शकतं. माझं बादलीतलं फडकं चटका बसेल इतकं तापलं होतं, काकूने पाणी ओतलं. फडकी बाहेर, पसरून वाळवा.

पोचे असतील तर ते तेलाआधी काढायचे. ओलं कापड ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगतात. तंतू तुटले असतील तर मात्र उपयोग नाही.

पण खरी गोष्ट दस्त्याच्या वरच्या टोकाला सापडली. बंदूक वर्षानुवर्षं भिंतीला उभी. यंत्राला घातलेलं तेल खाली उतरून तिथल्या लाकडात मुरलेलं, लाकूड काळं आणि मऊ. बार काढताना धक्का नेमका तिथेच बसतो. केसाएवढी चीर गेलीय. ती तेल चोळून भरत नाही. तेल घातल्यावर बंदूक काही वेळ नळीचं तोंड खाली करून ठेवली असती तर हे टळलं असतं.

काकांना म्हटलं, बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवेपर्यंत बार काढू नका.

“भात पोसवलंय,” काका म्हणाले. “डुकरांना तू सांगतोस थांबायला?”