मिलिटरी छपाईचा पट्टा : आधी मान मोजा, मग माल कापा

कुत्र्याचा पट्टा म्हटला की तपकिरी चामडे आणि पितळी बकल, एवढेच आपल्या कारागिरांना ठाऊक होते. आता गिऱ्हाईक दुकानात येऊन हिरव्या-खाकी ठिपक्यांचा ‘मिलिटरी’ पट्टा मागते. घरात कुत्रा पाळण्याविषयी कोणाचे काय मत आहे, हा या पानाचा विषय नाही. राखणीचा, कळपाचा आणि शिकारीचा कुत्रा पूर्वापार चालत आला आहे. त्याच्या गळ्यातला पट्टा शिवणे हा सरळ धंदा आहे. कानपूरहून खोगीर आणि लगामाबरोबर कुत्र्याचे पट्टेही परदेशी जातात, ते याच हातांनी केलेले.

गिऱ्हाईक नक्षी पाहून पट्टा उचलते, पण तक्रार घेऊन येते ती मापाची. रस्त्यात फटाका वाजतो, कुत्रा दचकून मागे सरतो, सैल पट्ट्यातून डोके निसटते आणि जनावर भर रहदारीत सुटते. उलट पट्टा घट्ट असेल तर केस झडतात, कातडे सोलते, जखम चिघळते. म्हणून ‘अल्सेशियनचा पट्टा द्या’ असे कोणी म्हटले तरी जातीवरून माप देऊ नये. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या मानेत दोन-तीन इंचांचा फरक सहज असतो.

माप घ्यायची रीत सोपी आहे. पट्टा जिथे बसतो तिथे शिंप्याची टेप मानेभोवती फिरवावी आणि टेपखाली दोन बोटे आडवी सरकतील एवढी ढील ठेवावी. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजावी. बकलाच्या पट्ट्यात हे माप बकलापासून मधल्या भोकापर्यंत धरतात. पाच भोके असतील तर तिसऱ्यावर पट्टा बसला पाहिजे. म्हणजे पुढे घट्ट-सैल करायला दोन्हीकडे जागा राहते. शेवटच्या भोकावर बसणारा पट्टा विकूच नये. पिल्लाची मान भराभर वाढते, तेव्हा दर आठवड्याला दोन बोटे घालून पाहा, असे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. लहान कुत्र्याला अर्धा-पाऊण इंच रुंदी पुरते, मध्यमाला एक इंच, दांडग्याला दीड.

आपल्या महाराष्ट्रातल्या कारवानी कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचे डोके निमुळते, मान लांब आणि जवळपास डोक्याएवढीच जाड. साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सुटतो. त्याला रुंद, आतून मऊ अस्तराचा पट्टा हवा. त्यात दोन कड्यांतून फिरणारा छोटा फास असावा. कुत्र्याने ओढले की तो आवळतो, पण ठरलेल्या मापापलीकडे जात नाही. इंग्रजीत याला ‘मार्टिंगेल’ म्हणतात. घोड्याच्या साजातही याच नावाचा पट्टा असतो, त्यामुळे खोगीरवाल्याला हा शब्द नवा नाही.

आता कापडाविषयी. नायलॉनची नवार मजबूत, पण पाण्याने थोडी ताणते. पॉलिएस्टर कमी ताणते आणि उष्णतेने केलेली छपाई त्यावर चांगली बसते. पुष्कळ मालात नायलॉनच्या नवारीवर पॉलिएस्टरची छापील फीत शिवलेली असते. त्यात गैर काही नाही. फक्त फितीची कड उसवते का ते नखाने पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई जोराने घासावी. फडके हिरवे झाले तर तोच रंग पांढऱ्या कुत्र्याच्या मानेला लागणार. टोके वितळवून बंद केलेली असावीत, पण ती टोचता कामा नयेत. साखळी अडकवायच्या कडीचा सांधा डाग दिलेला असावा. नुसती वाकवलेली कडी एका हिसक्यात उघडते. कडीजवळची शिलाई चौकोनात फुली अशी घातलेली हवी. ताण येतो तो तिथेच.

नक्षी निवडताना एक सावधगिरी फार महत्त्वाची. बाजारात जास्त दिसणारी हिरवी, तपकिरी, काळी आणि खाकी ‘वुडलँड’ नक्षी अमेरिकन लष्कराने १९८१ पासून वापरली, आणि तिच्या नकला जगभर झाल्या. आपल्या लष्कराची नवी बारीक चौकटींची नक्षी मात्र वेगळी आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी लष्कराने तिची रीतसर नोंदणी करून घेतली. नक्षीचा हक्क दहा वर्षांचा असून तो आणखी पाच वर्षे वाढवता येतो. परवानगीवाचून ती बनवणे वा विकणे बेकायदा ठरेल, असे लष्कराने जाहीर केले आहे. पट्टा कुत्र्याचा आहे, कोण विचारतो, या भरवशावर ठोक माल उचलू नये. पुरवठादाराकडून आधी नमुन्याचा तुकडा मागवावा आणि शंका आली तर तो परत करावा.

आणखी एक. ही छपाई मुळात लपण्यासाठी काढलेली, त्यामुळे रात्री गाडीवाल्याला असा पट्टा दिसत नाही. अमेरिकेत शिकारी मंडळी कुत्र्याला भडक नारिंगी पट्टा घालतात तो याचसाठी. मिलिटरी पट्ट्याच्या मधोमध किंवा एका कडेला उजेडात चमकणारी पांढरी फीत शिवली तर खर्च थोडा वाढतो. पण दोन्ही प्रकार शेजारी ठेवून दिव्याखाली दाखवले, तर फितीचा पट्टा जास्त दामाला का, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.