आयोवाचे वार्तापत्र : न पिकवण्याचा खंड

डी मॉइन : मका आणि सोयाबीनच्या या राज्यात काही जमीन सरकार खंडाने घेते आणि तिच्यात पीक घ्यायचे नाही, अशी अट घालते. 1985च्या शेती कायद्याने सुरू झालेली ही योजना ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ या नावाने ओळखली जाते. शेतकरी काउंटीच्या कृषी कचेरीत देकार नोंदवतो. धूप किती थांबेल, पाणी किती स्वच्छ राहील, पक्षी-प्राण्यांना किती आसरा मिळेल, याचे गुण मोजून देकार स्वीकारले जातात. करार 10 ते 15 वर्षांचा असतो. सरकार त्या भागातील खंडाच्या दराशी जुळणारी रक्कम दरवर्षी देते आणि गवत लावण्याचा निम्म्यापर्यंत खर्चही उचलते.

माती व पाणी राखण्याचा लाभ शेताच्या बांधाबाहेरच्यांनाही होतो, तेव्हा सरकारने मोबदला द्यावा हे रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की या पैशातून टिकाऊ काय उभे राहते? 2007 मध्ये देशभरातील 3 कोटी 68 लाख एकर जमीन या योजनेत होती. इथेनॉलमुळे मक्याचे भाव चढले आणि करार संपतील तशी बरीच जमीन पुन्हा नांगराखाली आली. 2016च्या सुमारास योजनेत जेमतेम 2 कोटी 40 लाख एकर उरली. शिवाय सबंध शेते पड राहिली की बियाणे-खतांची दुकाने आणि धान्याची कोठारे यांचा धंदा बसतो. म्हणूनच एका काउंटीतील पिकाऊ जमिनीपैकी साधारणपणे 25 टक्क्यांहून अधिक जमीन योजनेत घेऊ नये, असे कायदाच सांगतो.

यावर उपाय आयोवातच सापडला आहे. जास्पर काउंटीतील नील स्मिथ अभयारण्यात आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी उताराच्या शेतात 10 टक्के जागेवर मूळच्या गवत-फुलझाडांचे पट्टे लावले आणि उरलेल्या जागेत पीक घेतले. वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी घटली. ताठ, दाट गवत पावसाच्या लोंढ्याचा वेग मोडते आणि गाळ तिथेच बसतो. 2018च्या कायद्याने अशा पट्ट्यांनाही खंड देऊ केला. शेत चालू राहते, गावचा बाजार चालू राहतो आणि मक्याचा भाव वाढला तरी पट्टा मोडण्याचा मोह कमी होतो.

पट्ट्यांनी सगळे साधणार नाही, हा आक्षेप खरा आहे. इथल्या शेतांखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे आहे आणि नायट्रेट गवताला वळसा घालून त्यांतून थेट ओढ्यात उतरते. डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये तीन काउंट्यांतील निचरा मंडळांवर खटला भरला, तो 2017 मध्ये फेटाळला गेला. शेतातल्या प्रदूषणाला कायद्याचा आवर दुबळा असल्याने अनुदान हेच सरकारच्या हातातले मुख्य साधन उरते. तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पाणथळ जागा उभारायलाही पैसा लागेल. अगदी तीव्र उतारावर आणि माळरानी पक्ष्यांसाठी सबंध शेत गवताखाली ठेवणेही गरजेचेच आहे. पण तिथे 10 वर्षांचा करार अपुरा पडतो, कायमचे हक्क विकत घेणेच किफायतशीर.

चांगल्या जमिनीवर पट्टे, वाईट जमिनीवर कायमचे गवत : करदात्याच्या पैशाचे चीज व्हायचे तर वॉशिंग्टनने हाच क्रम धरावा.