फळीवरचें चित्र आणि त्याची चौकट



पावसाळा तोंडावर आला म्हणजे आपण छपराची डागडुजी करतों, छत्र्या काढतों, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधतों. दिवाणखान्यांत टांगलेल्या चित्राची आठवण मात्र फार थोड्यांना होते. आज मीं बोलण्याचें योजिलें आहे तें कागदावर किंवा कापडावर न काढतां लांकडी फळीवर, प्लायवूडवर किंवा हार्डबोर्डावर काढलेल्या चित्रांविषयीं. मी चित्रकार नव्हें, शाळामास्तर. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझी सारी नोकरी झाली, आणि जें सांगणार आहें तें एक चित्र गमावून शिकलों आहें.

शहापूरकडील एका पाड्यावर एक वृद्ध वारली बाई होती. लग्नाचा चौक लिहावा तर तिनेंच, अशी तिची ख्याति. वारली लोक चौक ‘काढला’ म्हणत नाहींत, ‘लिहिला’ म्हणतात. शेणानें सारवलेल्या व गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवासिणी तो लिहितात आणि त्याच्या मध्यभागीं पालघट देवी बसते. तो चौक टिकावा अशी कोणाची अपेक्षा नसते; पुढल्या लग्नाला भिंत पुन्हां सारवून नवा लिहावयाचा. १९७० नंतरच्या दशकांत जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही कला कागदावर व कापडावर आली आणि जगभर पोंचली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवरचा चौक फळीवर घेऊन आपण घरीं आणला, म्हणजे तो टिकविण्याची जबाबदारी लिहिणारीकडून आपल्याकडे येते. हें मला उशिरां कळलें.

त्या बाईचा नातू माझा विद्यार्थी. तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हां तिनें सागाच्या सव्वा फूट रुंद फळीवर चौक लिहून मला दिला. वैशाखाचे दिवस होते. मीं तो एका चौकटवाल्याकडे नेला. त्यानें फळी चौकटींत घट्ट बसविली, चारी कडांना चुका मारल्या, कांच चित्रावर टेकविली. काम मोठें नेटकें दिसत होतें. आषाढांत फळी फुगली; पसरावयास जागा नव्हती म्हणून पुढें वांकली आणि चित्र कांचेला चिकटलें. श्रावणांत ऊन पडतांच मीं घाईनें तें अंगणांत ठेविलें. संध्याकाळीं फळी मधोमध तडकली होती, आणि कांच ओढून काढली तेव्हां अर्धी पालघट कांचेबरोबर निघून आली. बाई त्यापूर्वींच निवर्तली होती. तो चौक आतां पुन्हां कोण लिहिणार?

असें कां झालें? पावसाळ्यांत दार चौकटींत अडकतें हा आपला नित्याचा अनुभव. लांकूड हवेंतील ओल पितें आणि फुगतें. हवा कोरडी झाली कीं आकसतें. मात्र तें लांबीच्या दिशेनें जवळजवळ हलत नाहीं. हलतें तें रेषांना आडवें, म्हणजे रुंदीच्या बाजूनें. वैशाख ते श्रावण एवढ्या अवधींत फूटभर रुंदीची फळी सुतारांच्या भाषेंत सूतभर, म्हणजे सुमारें तीन मिलिमीटर, सहज वाढूं शकते. वरचा रंग कांहीं तितका ताणला जात नाहीं, तो तडकतो. पॅरिसची मोनालिसा पॉप्लर लांकडाच्या फळीवर आहे. तिच्या वरच्या कडेपासून केसांपर्यंत जुनी भेग गेलेली आहे, आणि आज ती हवामान राखलेल्या कांचेच्या पेटींत राहते.

प्लायवूडमध्यें थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असतात, म्हणून तें कमी हलतें; परंतु त्याच्या कडा पाणी शोषतात व थर सुटतात. हार्डबोर्डाचे कोपरे ओलीनें फुगून भुगा होतात. म्हणून चित्र काढण्यापूर्वींच कडा आणि पाठ यांवर व्हार्निशचा हात द्यावा. एकच बाजू झांकली तर उघडी बाजू ओल पिते आणि फळीला बांक येतो.

आतां चौकटीविषयीं. फळीला चौकटींत आधार हवा, बंधन नको. आंतील खांच फळीपेक्षां मोठी असावी. उन्हाळ्यांत चौकट करावयाची असल्यास रुंदीच्या दोन्ही बाजूंस सूत सूत जागा मोकळी सोडावी. फळीला खिळा किंवा सरस लावूं नये. मागील बाजूस पितळी पट्ट्या चौकटीलाच स्क्रूनें बसवाव्या आणि पट्टी व फळी यांमध्यें बुचाचा पातळ तुकडा ठेवावा, म्हणजे फळी हलूं शकते, पण पडत नाहीं. पिठाच्या चित्रास कांच अवश्य हवी. पीठ झडतें आणि कसर त्यावरच जगते. मात्र कांच व चित्र यांत पाव इंचाची पट्टी घालून अंतर राखावें. पाठीमागें एक पातळ तक्ता बसवावा, म्हणजे धूळ आणि झुरळें आंत शिरत नाहींत.

जागाहि विचारानें निवडावी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूची भिंत, न्हाणीघराची भिंत आणि चुलीवरची भिंत टाळावी. ऊन थेट पडूं देऊं नये. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्यें हवा खेळते. कांच पुसतांना फडकें ओलसर करावें. कांचेवर पाणी शिंपडूं नये.

इतकें करूनहि चित्र भिजलेंच, तर तें आडवें, तोंड वर करून, सावलींत ठेवावें. ऊन नको, पंखाहि नको. कांचेला चिकटलें असल्यास ओढूं नये, जाणत्याकडे न्यावें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अशा जतनाचें स्वतंत्र केंद्र आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं फ्लॉरेन्स शहरांत पूर आला. वासारीचें ‘अखेरचें भोजन’ हें पांच फळ्यांचें चित्र कित्येक तास पाण्यांत राहिलें. तें पुन्हां भिंतीवर लागलें २०१६ सालीं, पन्नास वर्षांनीं. त्या लोकांनीं पन्नास वर्षें धीर धरला. मला एक दुपार धरवली नाहीं.

ती तडकलेली फळी अजून माझ्या कपाटांत आहे. तिचा नातू आतां शिक्षक झाला आहे. गेल्या वर्षीं त्याच्या बहिणीनें आजीच्याच पद्धतीनें एका फळीवर चौक लिहून मला दिला. या खेपेस चौकटवाल्याच्या दुकानांत मी शेजारीं बसून राहिलों. सूतभर जागा सोडावयास सांगितली तेव्हां तो म्हणाला, “मास्तर, ही फट दिसेल.” मीं म्हटलें, “दिसूं दे.”